अजिंठ्याची यादी, सेलमधल्या टिपा आणि प्रिंटर

शाळेची सहल अजिंठ्याला न्यायची ठरली, की कुणीतरी एक शिक्षक लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये यादी करायला बसतो. लेण्यांचे क्रमांक एकाखाली एक, शेजारी चैत्य की विहार, मग काळ, मग काय बघायचं आणि शेवटी किती मिनिटं द्यायची. गाइडचं काम शिकणाऱ्यालाही अशीच यादी लागते, पाहुण्यांना हौसेनं लेणी दाखवणाऱ्यालाही. ओळी होतात ३०. क्रमांक २९ पर्यंतच असले, तरी एक छोटं लेणं यादीत मागाहून आलं आणि त्याला १५अ म्हणावं लागलं.

इथपर्यंत काम झरझर होतं. अडतं ते 'काळ' या कॉलमपाशी. पहिल्या लेण्यासमोर 'पाचवं शतक' लिहिलं की मन खातं. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्याचं जवळजवळ सगळं काम वाकाटक राजा हरिषेणाच्या आसपास, साधारण ४६० ते ४८० या दोन दशकांत बसवलं. हा कालखंड इतका आखूड मानायला काही अभ्यासक तयार नाहीत, ते काम आणखी पुढे नेतात. मग आपले गुरुजी सेलमध्ये कंस उघडतात आणि हे सगळं त्यात कोंबतात. कॉलम फुगतो, मिनिटांचा कॉलम प्रिंटमध्ये दुसऱ्या पानावर जातो आणि काळानुसार ओळी लावायला गेलं तर काहीच धड लागत नाही.

मजकूर खोटा नाही, अनावश्यकही नाही. फक्त त्याची जागा चुकली आहे. सेलमध्ये तेवढंच ठेवावं, जे क्रमानं लावता येईल, गाळून पाहता येईल किंवा ज्याची बेरीज होईल. ते कुठून आलं, कधी तपासलं, कुणाचं मत वेगळं आहे, कशाची खात्री करायची आहे, हे सगळं टिपेत. पहिल्या लेण्याच्या सेलमध्ये 'पाचवं शतक' एवढंच राहू द्या आणि स्पिंक व त्यांचे विरोधक यांना टिपेत बसवा.

एक कसोटी मी नेहमी लावतो. प्रत्येक ओळीला टीप द्यावीशी वाटत असेल, तर ती टीप नव्हे, तो कॉलम आहे. 'काय बघायचं' हे तीसही लेण्यांना लागू आहे, म्हणून त्याला स्वतःचा कॉलम हवा: पहिल्यात पद्मपाणी, सतराव्यात विश्वंतर जातक, एकोणिसाव्याचं कोरीव दर्शन, सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प. पण दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर वासिठीपुत कटहादी यानं तो दर्शनी भाग दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे, ही गोष्ट त्या एकाच लेण्याची. ती टिपेत शोभते. तिसांपैकी सात-आठ सेलना टिपा असल्या तर लोक त्या वाचतात. तिसांनाही असल्या तर कुणी बघत नाही.

नोट वेगळी, कमेंट वेगळी

आता प्रत्यक्ष काम. जुन्या एक्सेलमध्ये एकच सोय होती, तिला कमेंट म्हणत. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्याच जुन्या पिवळ्या चौकटीला नोट म्हणतात आणि कमेंट हे नाव नव्या सोयीला दिलं आहे. ही नवी कमेंट म्हणजे संवाद असतो: एकानं विचारायचं, दुसऱ्यानं खाली उत्तर द्यायचं, मिटलं की 'रिझॉल्व्ह' म्हणायचं. नोटचा त्रिकोण लाल असतो आणि सेलच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दिसतो. कमेंटची खूण जांभळी असते.

दोन शिक्षक मिळून यादी करत असतील आणि 'चौथ्या लेण्याला इतका वेळ कशाला?' असा प्रश्न असेल, तर कमेंट वापरा. कागदावर जायचा मजकूर असेल तर नोट. हा फरक छपाईच्या वेळी फार नडतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सेलवर जाऊन शिफ्ट आणि एफ २ एकत्र दाबलं की नोट उघडते. तीच नोट पुढे बदलायची असेल तरी हीच बटणं. कमेंटसाठी त्यात कंट्रोलची भर घालायची. बटणं लक्षात राहत नसतील तर सेलवर उजवी क्लिक करा, 'न्यू नोट' आणि 'न्यू कमेंट' दोन्ही समोर येतात. जुन्या आवृत्तीत फक्त 'इन्सर्ट कमेंट' दिसेल. ती नोटच समजा.

नोट उघडताच तिच्यात आधीच एक नाव लिहिलेलं असतं. ते एक्सेलच्या ऑप्शन्समधल्या 'जनरल' या भागातून येतं. शाळेच्या संगणकावर बहुतेक वेळा तिथं भलतंच काही असतं, 'यूझर' किंवा ज्या दुकानातून संगणक घेतला त्या दुकानाचं नाव. ते पुसा आणि स्वतःचं नाव घाला. शेवटी तारीख टाका. नाव आणि तारीख नसलेली टीप सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही परकी वाटते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. नियम त्यानं तंतोतंत पाळला, जागा मात्र साफ चुकली.

ही तारीख एक्सेलमध्ये घालून बघा, एक गंमत दिसेल. एक्सेलचं पंचांग १ जानेवारी १९०० पासून सुरू होतं. त्याआधीची तारीख तो तारीख मानतच नाही, साधा मजकूर समजतो. रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलं, त्यातल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, असा इतिहास तुम्ही शीटमध्ये मांडणार असाल, तर सेलमध्ये फक्त वर्ष आकड्यात लिहा आणि दिवस-महिना नोटमध्ये घाला. वर्षं क्रमानं नीट लागतील. उलटा त्रासही होतो. 'लेणी ९-१०' एकत्र दाखवायची म्हणून सेलमध्ये ९-१० लिहिलं, की एक्सेल त्याची तारीख करून मोकळा होतो. आधी एक वरचं स्वल्पचिन्ह, म्हणजे ॲपोस्ट्रॉफी, टाइप केलं तर तो गप्प बसतो.

१५अ चीही हीच तऱ्हा. त्या सेलमध्ये अक्षर आहे, म्हणून एक्सेल त्याला आकडा समजत नाही आणि चढत्या क्रमानं लावताना २९ च्याही खाली ढकलतो. यावर उपाय म्हणजे 'क्रम' नावाचा एक कॉलम अगदी शेवटी करावा, त्यात १५अ साठी १५.५ लिहावं आणि ओळी त्या कॉलमवर लावाव्यात. १५.५ हा आकडा कुठून आला, असं पुढचा माणूस विचारणारच. तेव्हा त्या सेलला नोट द्या. ओळी खालीवर झाल्या तरी नोटा आपापल्या सेलबरोबर जातात, ती काळजी नको.

काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्या. सेल निवडून डिलीट दाबलं की सेलमधला मजकूर जातो, नोट जात नाही. मागच्या वर्षीच्या शीटवर या वर्षीची यादी लिहिली तर मागचे लाल त्रिकोण तिथंच चिकटून राहतात. नोट काढायची तर होम टॅबमधल्या 'क्लिअर'खाली 'क्लिअर कमेंट्स अँड नोट्स' आहे. तीच नोट दुसऱ्या सेललाही हवी असेल तर सेल कॉपी करा आणि 'पेस्ट स्पेशल'मध्ये 'कमेंट्स अँड नोट्स' निवडा, फक्त नोट उतरते.

मराठीत लिहिताना युनिकोडच वापरा. डीटीपीच्या सवयीनं अनेकांचे हात अजून जुन्या फाँटांवर बसलेले असतात. त्या फाँटांत लिहिलेली अक्षरं म्हणजे मुळात रोमन अक्षरंच असतात, फाँट बदलला की त्यांची भेंडोळी होतात. सेलला फाँट दिला म्हणून नोटला तो लागत नाही आणि नव्या कमेंटमध्ये तर फाँट बदलायची सोयच नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर उत्तम, नाहीतर फोनेटिक चालेल.

कागदावर आणताना

नोटा लिहिणारे बरेच असतात, छापणारे थोडे. याचं कारण साधं आहे: एक्सेल नोटा आपणहून छापत नाही. शीट प्रिंटला दिली की यादी येते, टिपा संगणकातच राहतात. आणि अजिंठ्याला तर कागदच कामाचा. वाघोरा नदीच्या वळणावर नालेच्या आकाराच्या कड्यात ही लेणी एकामागून एक आहेत, आत मंद उजेड असतो, पन्नास मुलं पुढे-मागे पांगलेली असतात आणि लॅपटॉप कुणी बरोबर नेत नाही.

छपाईची किल्ली 'पेज लेआउट' टॅबमध्ये आहे, पण सहज दिसत नाही. 'पेज सेटअप' या गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण आहे, त्यावर क्लिक करा. उघडलेल्या खिडकीतला शेवटचा टॅब 'शीट'. त्यात 'कमेंट्स अँड नोट्स' या शब्दांपुढे 'नन' लिहिलेलं असतं. तिथं दोन पर्याय मिळतात: 'ॲट एंड ऑफ शीट' आणि 'ॲज डिस्प्लेड ऑन शीट'.

दुसऱ्या पर्यायात नोटा पडद्यावर दिसतात तशाच, यादीवरच पिवळ्या चौकटी ठेवल्यासारख्या छापल्या जातात. त्यासाठी आधी त्या उघड्या असाव्या लागतात. रिव्ह्यू टॅबमधल्या 'नोट्स'मध्ये 'शो ऑल नोट्स' म्हणा, किंवा हव्या तेवढ्याच एकेक करून उघडा. हा पर्याय फक्त नोटांना लागू आहे. नव्या कमेंट अशा छापता येत नाहीत, त्या शीटच्या शेवटीच येतात. मघाशी नोट आणि कमेंट यांचा फरक घोळवला तो याचसाठी. चौकटी शेजारच्या सेलवर बसतात आणि खालचा मजकूर झाकतात, त्यामुळे त्या ओढून रिकाम्या जागी न्याव्या लागतात. चौकटीत न मावलेला मजकूर कागदावर कापला जातो. चौकटीच्या कडेवर उजवी क्लिक करून फॉरमॅटमध्ये जा, 'अलाइनमेंट'मध्ये 'ऑटोमॅटिक साइझ'वर खूण करा, चौकट मजकुराएवढी होते. तीन-चार नोटा असतील तर हा पर्याय देखणा. त्याहून जास्त असतील तर कागदावर नुसती गर्दी होते.

म्हणून बहुतेक वेळा पहिलाच पर्याय घ्यावा, 'ॲट एंड ऑफ शीट'. यादी आधी छापली जाते, मग वेगळ्या पानावर टिपांची रांग: सेलचा पत्ता आणि त्याखाली मजकूर. दिसायला स्वच्छ. पण अजिंठ्याच्या यादीत इथंच एक सापळा आहे, तो नीट पाहू.

समजा पहिली ओळ मथळ्याची आहे. मग पहिलं लेणं दुसऱ्या ओळीत आलं, दहावं अकराव्या ओळीत. पंधराव्यापर्यंत एकाचा फरक. मध्ये १५अ आलं, त्यामुळे सोळावं लेणं अठराव्या ओळीत आणि सतरावं एकोणिसाव्या ओळीत. आता काळाचा कॉलम सी असेल, तर सतराव्या लेण्याची टीप मागच्या पानावर 'सी १९' या पत्त्याखाली छापली जाईल. कागद हातात घेतलेला गुरुजी एकोणिसाव्या लेण्यासमोर उभा राहून ती वाचणार आणि चित्रांनी भरलेल्या विहाराची माहिती एका चैत्यगृहाच्या दारात मुलांना सांगणार. एक्सेलनं काहीही चुकवलेलं नसतं. त्याच्या लेखी ती एकोणिसावी ओळच आहे.

यावर तीन गोष्टी करा. एक, प्रत्येक नोटेची सुरुवात लेण्याच्या क्रमांकानं करा: 'लेणं १७, काळ:' आणि मग मजकूर. ही सवय एवढी उपयोगी आहे की बाकीचं काही केलं नाही तरी चालेल. दुसरं, त्याच 'शीट' टॅबमध्ये 'रो अँड कॉलम हेडिंग्ज' या चौकोनात खूण करा. त्यामुळे यादीच्या कडेला ओळींचे आकडे आणि वर कॉलमांची अक्षरं छापली जातात आणि पत्त्यावरून सेल शोधता येतो. तिसरं, कुठल्या सेलला टीप आहे हे कागदावर कळेल अशी सोय करा. शीटच्या शेवटी नोटा छापताना यादीवरचे लाल त्रिकोण छापले जात नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याला मागच्या पानावर काही आहे याचा पत्ताच लागत नाही. काही जण सेलमध्ये फुली किंवा तारा टाकतात. मजकुराच्या सेलला ते चालेल, पण मिनिटांच्या आकड्यापुढे तारा टाकला तर तो आकडा राहत नाही आणि बेरजेतून गळतो. त्यापेक्षा एफ ५ दाबा, 'स्पेशल'वर जा, 'नोट्स' निवडा. नोटा असलेले सगळे सेल एकदम निवडले जातात. त्यांना फिका करडा रंग भरा. एका झटक्यात काम होतं आणि साध्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही करडा रंग उठून दिसतो.

कागद आडवा ठेवा, म्हणजे 'लँडस्केप'. सगळे कॉलम एका पानाच्या रुंदीत बसवायचे असतील तर प्रिंटच्या खिडकीतच तशी सोय आहे. ही सगळी मांडणी त्या-त्या शीटपुरती असते. एका फाइलमध्ये लेण्यांची एक शीट आणि मुलांची दुसरी असेल, तर दोन्हींसाठी वेगळी मांडणी करावी लागते.

झेरॉक्सच्या दुकानात एक्सेलची फाइल नेऊ नका. तिथली आवृत्ती वेगळी असते, कधी एक्सेलच नसतं, मराठी फाँट नसतात आणि मागे रांग लागलेली असते. घरीच प्रिंटच्या खिडकीत प्रिंटरऐवजी पीडीएफ निवडून फाइल तयार करा. शेवटचं पान उघडून टिपा आल्या का ते पाहा, मग ती पीडीएफ पाठवा.

एक्सेल नसेल तर अडत नाही. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये 'इन्सर्ट' मेनूत 'कमेंट' आहे, बटणं कंट्रोल, ऑल्ट आणि सी. छपाईसाठी 'फॉरमॅट'मध्ये 'पेज स्टाइल', त्यात 'शीट' टॅब आणि तिथं 'कमेंट्स'च्या चौकोनात खूण. टिपा वेगळ्या पानावर सेलच्या पत्त्यासह येतात, म्हणजे 'सी १९'चा सापळा इथंही आहेच. ओळी-कॉलमांची अक्षरं छापायचा चौकोनही त्याच टॅबमध्ये सापडेल. गूगल शीट्समध्ये नोट आणि कमेंट दोन्ही आहेत. प्रिंटच्या खिडकीत 'फॉरमॅटिंग'खाली 'शो नोट्स' आहे, त्यानं नोटा छापल्या जातात. कमेंट छापल्या जात नाहीत. कागदावर हवं ते नोटमध्येच लिहा, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

टिपेत काय लिहू नये

सहलीच्या फाइलमध्ये लेण्यांबरोबर मुलांची यादीही असते आणि तिथल्या नोटा जास्त नाजूक असतात. अमक्याला दमा आहे, तमकीच्या घरी सध्या अडचण आहे, अमक्याचे पैसे यायचे आहेत. पायऱ्या चढायच्या असल्यानं दम्याची माहिती बरोबरच्या शिक्षकांना हवीच. पण छपाईची मांडणी फाइलबरोबर सेव्ह होते. एकदा 'ॲट एंड ऑफ शीट' केलं की पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी त्याच शीटवर साधं प्रिंट दाबलं तरी हे सगळं शेवटच्या पानावर उतरतं, आणि ते पान नोटीस बोर्डावर लागलं तर कुणाला दोष द्यायचा? असली माहिती वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल टाकण्याआधी 'फाइल', 'इन्फो', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या वाटेनं जा. तिथं कमेंट आणि नोटा एकदम काढून टाकता येतात. हे अर्थात प्रतीवर करावं, मूळ फाइलवर नाही. फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तरी नोटा जातात, आणि त्या परत मिळत नाहीत. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवावी.

तिकिटाच्या दराचा सेल मात्र नोटेशिवाय कधीच ठेवू नका. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, मोठ्यांच्या दरात वेळोवेळी बदल होतात, आणि फर्दापूरच्या फाट्यावरून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या बसचं भाडं वेगळं. सेलमध्ये आकडा, नोटेत 'कुणी, कुठं, कोणत्या तारखेला विचारलं'. पुढच्या वर्षी हिशोब करणारा तुमचं नाव घेईल, ते चांगल्या अर्थानं घेईल.

आणि अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, हे नोटेत लिहू नका. नोट वाचायची राहून जाते. पेज सेटअपमध्ये 'हेडर' आहे, तिथं ते लिहा, म्हणजे यादीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापून येईल.